टिका मारलेला कागद आणि गाडीखालचं तेल

गाडी निघताना : वाचकांचे प्रश्न, गेटवरची उत्तरं

या वेळच्या टपालात निम्मी पत्रं ब्रेकची आहेत, निम्मी कागदांची. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी मालवाहतुकीच्या धंद्यात कागद सांभाळायला आले, ते कागद खरे की खोटे हे बघायला गाडीपाशी उतरले आणि मग गेटवरचीच झाले. गाडी सोडायची की थांबवायची, ती सही माझी असते. त्यामुळे माझी उत्तरं थोडी गेटच्या बाजूने झुकलेली असणार, हे धरून वाचा.

प्रश्न : ताई, मालकाने चाळीस मुद्द्यांचा छापील तक्ता दिलाय. रोज सकाळी भरायचा. सगळेजण केबिनमध्ये बसून दोन मिनिटांत टिका मारतात, मीही मारतो. खरं सांगा, त्याचा उपयोग काय? आणि खरोखर तपासायचं म्हटलं तर किती वेळ मोडतो?
— दहाचाकी चालक

उत्तर : दादा, एका दमात मारलेल्या टिका लगेच ओळखू येतात. सगळ्यांच्या शेपट्या एकाच बाजूला, शाई एकसारखी. गाडीभोवती फिरून भरलेल्या कागदाच्या कोपऱ्याला काळा अंगठा लागलेला असतो, मध्येच एखादी टीक राहून गेलेली असते, कुठेतरी ‘डावा आतला हवा कमी’ असं मडगार्डवर कागद ठेवून कसंबसं लिहिलेलं असतं. असा मळका कागद हातात आला की मी निम्मी निर्धास्त होते. कोरा करकरीत आला की खाली वाकून बघते.

सरावाच्या माणसाला दहाचाकीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तक्त्यावरचे मुद्दे छापणाऱ्याच्या सोयीने लावलेले असतात, तुम्ही गाडीच्या सोयीने चाला. माझा क्रम सांगते.

गाडी हलवण्याआधी खालची जमीन बघा. काळं तेल इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं, हिरवट किंवा लालसर ओल कूलंटची. चाकाच्या आतल्या अंगाला ओघळ असेल तर हबचं (चाकाच्या मधल्या गाभ्याचं) सील गेलेलं असण्याची शक्यता जास्त, आणि ते तेल पुढे ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर जातं. गाडी एकदा चार हात पुढे घेतली की कुठला थेंब कुठून पडला हे सांगणं कठीण. तेल, पाणी आणि स्टिअरिंगचं तेल इंजिन थंड असतानाच बघून घ्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे सांगायची वेळ अजूनही येते म्हणून सांगितलं.

मग चाकं. इथे घाई करू नका. प्रत्येक नटकडे बघा. नटपासून बाहेरच्या बाजूला पंख्यासारखी गंजाची लाल रेघ गेली असेल, किंवा नटच्या बुडाशी डिस्कवर (चाकाच्या लोखंडी तबकडीवर) घासून चकाकणारी कडी दिसत असेल, तर तो नट हलतोय. गाडी धुतली की ही रेघ जाते, म्हणून तपासणी धुण्याच्या आधी. चाक काढून बसवलं असेल तर साधारण ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा आवळावे लागतात, कारण डिस्क आणि हब यांच्यामधला रंग, गंज, माती दबून जागा करते. किती आवळायचे ते कंपनीच्या पुस्तकात असतं. पाइप घालून त्यावर उभं राहून आवळलेला नट घट्ट बसतो खरा, पण बोल्ट ताणला जातो आणि तुटतो तो पुढे कधीतरी, भलत्याच रस्त्यावर.

टायरची नक्षी आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. खाचेच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, ते रबराच्या पातळीला आले की टायर संपला, मोजपट्टीची गरज नाही. जोडचाकांच्या मध्ये वाकून बघा, अडकलेला दगड तिथेच असतो. आतल्या चाकाची हवा कमी असेल तर त्याच्या वाटचा भार बाहेरचा टायर ओढतो, आणि आतला वाकत वाकत तापतो. धावत्या गाडीचे टायर पेट घेतात त्यात हे एक मोठं कारण.

पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बघताना एकच लक्षात ठेवा : तुटलेला पाटा लपतो, सरकलेला पाटा लपत नाही. पाटे एक्सलला धरून ठेवणाऱ्या यू-क्लॅम्पजवळ घासल्याची ताजी चमक दिसली की एक्सल जागेवर आहे का, हे विचारायची वेळ आली. स्टिअरिंगचे जॉइंट बघायला दुसऱ्याला चाक थोडं डावं-उजवं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली बघा. दांडा हलण्याआधी जॉइंट हलत असेल तर गाडी आत घ्या. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, आरसे ही कामं पटापट होतात. एकटे असाल तर मागच्या ब्रेक लाइटसाठी गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि भिंतीवरचा लाल उजेड आरशात बघा. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या असून उपयोग नाही, पुसलेल्या असाव्या लागतात. फाळक्याच्या (माल अडवणाऱ्या फळीच्या) खिट्ट्या, ताडपत्री, दोर हे निघताना एकदा आणि थोडं अंतर गेल्यावर एकदा, कारण माल बसतो आणि दोर सैल पडतो.

आता उपयोगाचं. मोटार वाहन कायद्याचं १९० वं कलम सदोष गाडी चालवण्याबद्दल आहे. त्यात दोष माहीत असणं एवढीच अट नाही. साधारण काळजी घेतली असती तर जो दोष कळला असता, तोही त्यात येतो. म्हणजे ‘मला कुठे माहीत होतं’ म्हणून सुटता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधा दंड दीड हजार रुपये आहे, आणि त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. चौकशीत तुमचा तक्ता बाहेर येतो. गुळगुळीत टायरच्या पुढे तुमच्या हाताची टीक असेल, तर ती टीक तुमच्याविरुद्ध जाते. न भरलेला तक्ता एक वेळ परवडला.

प्रश्न : सकाळी गाडीत बसलो की हवेचा काटा खाली आलेला असतो. मेकॅनिक म्हणतो रात्रभरात थोडी हवा जाणारच. किती जाणं ठीक? आणि एकदा हवा नसल्याने गाडी जागची हलेना, तेव्हा कुणीतरी मागून बोल्ट फिरवून ब्रेक सोडवून दिला. हे बरोबर केलं का?
— मल्टिएक्सल चालक

उत्तर : अवजड गाडीचे ब्रेक टाकीत भरलेल्या हवेच्या दाबावर चालतात. रात्रभरात त्या दाबाचा काटा थोडा उतरतो, तुमचा मेकॅनिक अगदीच चुकीचं बोलत नाही. पण ‘थोडा’ म्हणजे किती हे मोजायची पद्धत आहे आणि तिला पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.

सपाट जागी उभे राहा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. इंजिन चालू ठेवून हवा पूर्ण भरू द्या; भरली की ‘फुस्स’ करून जादा हवा बाहेर पडते. मग इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडलेला, ठोकळे जागेवर आहेत ना ते पुन्हा बघा. आता पायाचा ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि एक मिनिट काट्यावर नजर ठेवा. सुरुवातीची पहिली घसरण सोडून द्या, ती ब्रेक चेंबरमध्ये, म्हणजे चाकाजवळच्या हवेच्या डब्यात गेलेली हवा. त्यानंतर काटा स्थिर हवा. अमेरिकेत अवजड वाहनाच्या परवान्याच्या परीक्षेत या चाचणीला एका मिनिटात ३ पीएसआयची (पीएसआय आणि बार ही दाबाची मापं) मुभा असते, ट्रेलर जोडलेला असेल तर ४ ची. आपल्या काट्यावर ते साधारण ०.२ ते ०.३ बार होतं, म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल इतकं. काटा सरळ सरळ उतरताना दिसला तर गळती आहे.

कुठे आहे ते कानाने शोधा. पाय काढल्यावरही सूं-सूं चालू असेल तर टाकी, पाइप, अनलोडर (जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा स्प्रिंग ब्रेकच्या (तो पुढे सांगते) बाजूला बघा. फक्त पाय दाबल्यावर आवाज येत असेल तर चेंबरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) किंवा पायाखालचा व्हॉल्व्ह. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा जागा दाखवतो. शेवटी इंजिन बंद ठेवूनच ब्रेक वारंवार मारत हवा उतरवा. काटा ४ बारच्या खाली जाण्याआधी बझर वाजला पाहिजे. बझरची वायर काढलेल्या गाड्या मी पाहिल्यात, ‘सारखा वाजतो’ म्हणून काढलेली. तो सारखा वाजत होता तर त्याला काहीतरी सांगायचं असणार, नाही का?

टाकीचा खालचा कॉक ओढून पाणी काढता ना? एअर ड्रायर (हवेतलं पाणी शोषणारा डबा) असलेल्या गाडीत पाणी जवळपास निघूच नये; निघालं तर ड्रायरचं काट्रिज बदलायला झालंय. पाण्याबरोबर दुधाळ, तेलकट काही आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय.

आता तो बोल्ट. मागच्या चेंबरमध्ये एक जोरकस स्प्रिंग असते. हवा असेपर्यंत ती दाबलेली राहते, हवा गेली की ती मोकळी होते आणि ब्रेक लागतो. म्हणजे हवा नसताना तुमची गाडी हलली नाही, तेव्हा ती नेमकं जे करायला हवं तेच करत होती. मागून बोल्ट फिरवला की ती स्प्रिंग कैद होते. गाडी रस्त्यातून बाजूला ओढून न्यायची असेल तर ही सोय आहे, तेवढ्यापुरतीच. नंतर तो बोल्ट परत सोडला का? सोडला नसेल तर त्या चाकाला पार्किंग ब्रेक नाही, आणि हवा गेली तर आपोआप लागणारा ब्रेकही नाही. काट्यावर मात्र सगळं ठीक दिसतं. आज गाडीखाली जाऊन बघा, चारही चेंबरचे बोल्ट सारखेच बसलेत का. एखादा बाहेर आलेला दिसला तर तोच. चेंबरची पट्टी स्वतः उघडू नका, त्या स्प्रिंगच्या जोराने माणसं मेली आहेत.

आणि एक सवय लावून घ्या. थांबा घेतला की सगळ्या चाकांच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर त्याचा ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय. घाट उतरून आल्यावर एकच हब थंड लागला तर त्या चाकाला ब्रेकच लागत नाहीये. हे तुम्हाला केबिनमधला कुठलाही काटा सांगत नाही.

प्रश्न : माझे यजमान ट्रक चालवतात. ब्रेक नीट लागत नाही असं त्यांनी मालकाला दोनदा सांगितलं. मालक म्हणतात, ‘एवढी एक खेप मारून ये, मग बघू.’ नाही म्हटलं तर नोकरीवर गदा, हो म्हटलं तर माझा जीव टांगणीला. काय करावं?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. त्यांनी ते लिहून दिलंय का? पुढचा शब्द बोलण्याआधी ते करायला सांगा. वहीत, तक्त्यावर किंवा मोबाइलवर संदेश, पण लिखित : तारीख, वेळ, गाडीचा नंबर, काट्यावरचे किलोमीटर आणि दोष नेमका. ‘ब्रेक खराब’ एवढं पुरत नाही. ‘ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढते, उजव्या मागच्या चाकाचा हब थंड राहतो’ असं. सोबत फोटो किंवा काट्याचा व्हिडिओ.

मघाशी सांगितलेलं १९० वं कलम गाडी चालवणाऱ्याइतकंच ती चालवायला लावणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्यालाही लागू आहे. मालकाला हे माहीत असतं किंवा त्याच्या हिशेबनिसाला तरी. लेखी तक्रार हातात आल्यावर ‘एक खेप मारून ये’ हे वाक्य लेखी उत्तर म्हणून सहसा कुणी पाठवत नाही. बहुतेक वेळा गाडी त्याच दिवशी गॅरेजमध्ये जाते. मी हे भांडण लावायला सांगत नाहीये. तोंडी बोलण्यात मालकाला ड्रायव्हर कुरकुऱ्या वाटतो, कागदावर त्याला स्वतःची जबाबदारी दिसते.

तरीही पाठवायलाच निघाले तर ब्रेकच्या बाबतीत माझं मत एकच आहे : न्यायची नाही. दिव्याची काच फुटली, दाराची कडी सैल झाली, यात तडजोड चालते. ब्रेक, स्टिअरिंग, चाकाचे नट, टायर आणि माल बांधणं या पाचांत चालत नाही. नोकरी जाण्याची भीती खरी आहे, ती मी हलकी समजत नाही. म्हणून तर लिहून ठेवायला सांगते, कारण उद्या खरंच काढून टाकलं तर कशासाठी काढलं हे दाखवायला तोच कागद आहे.

प्रश्न : माझ्या सहा गाड्या आहेत. ड्रायव्हर रोज वहीत काही ना काही लिहितात. सगळं दुरुस्त करायचं म्हटलं तर गाड्या उभ्याच राहतील. नाही करावं तर तुम्हीच म्हणता, लेखी पुरावा. मग मी काय करायचं?
— गाडीमालक

उत्तर : शेठ, लिहिणारे ड्रायव्हर मिळाले आहेत, ते टिकवा. तुमची अडचण लिहिण्याची नाही, वहीत दुसरा रकाना नसण्याची आहे. ड्रायव्हरच्या नोंदीसमोर तीन गोष्टी हव्यात : कुणी बघितलं, काय ठरलं, कधी केलं. ‘केबिनच्या पंख्याचा आवाज. बघितला. पुढच्या सर्व्हिसला.’ आणि सही. संपलं. दुरुस्ती लगेच झाली पाहिजे असं नाही, पण नोंद उत्तराशिवाय राहता कामा नये. वर सांगितलेल्या पाचांपैकी काही असेल तर समोर ‘दुरुस्त केलं’ ही सही पडल्याशिवाय किल्ली द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या ड्रायव्हरने आदल्या दिवशीचं पान वाचायचं. कालचा ड्रायव्हर वेगळा असेल तर हे जास्तच गरजेचं. आणि बिघाड नाही त्या दिवशीही ‘काही नाही’ असं लिहून सही घ्या, म्हणजे पान कोरं राहिलं ते तपासलं नाही म्हणून की दोष नव्हता म्हणून, हा प्रश्न उरत नाही. जुन्या वह्या वर्षभर तरी टाकू नका. एकच नोंद पुन्हा पुन्हा दिसली तर मेकॅनिक भाग बदलतोय आणि कारण तसंच राहतंय, हे तुम्हाला त्या वह्याच सांगतील. पुढच्या डाव्या टायरची एकच कड दर वेळी खाल्ली जात असेल तर टायर विकणाऱ्याचा फायदा आहे, तुमचा अलाइनमेंट न करण्यात तोटा.

प्रश्न : सगळे कागद मोबाइलमध्ये आहेत, तरी रस्त्यात मूळ कागद मागतात. कायद्याने काय?
— चालक, नॅशनल परमिट

उत्तर : आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी आणि लायसन्स हे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये असतील तर ते मूळ कागदासारखेच धरायचे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ पासून आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून तर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पडताळता येणारा कागद छापील स्वरूपात मागायचाच नाही, असंही आलं. पण गॅलरीतला आरसीचा फोटो किंवा मालकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ म्हणजे डिजिलॉकर नव्हे. भांडणाची निम्मी कारणं इथेच आहेत. मालकाला ॲपमधून आरसी तुमच्या मोबाइलवर शेअर करता येते, ते निघण्याआधी करून घ्या, फोनला रेंज असताना. छायाप्रतींची एक फाइल केबिनमध्ये ठेवायला मी तरीही सांगेन. फोनची बॅटरी कायदा वाचत नाही.

खरी पंचाईत तारखांची होते. मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेस, पहिल्या आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पीयूसी (प्रदूषणाचं प्रमाणपत्र) बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या गाड्यांना वर्षाचं. विमा वर्षाचा. व्यावसायिक लायसन्स २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांचं. आणि जुन्या ड्रायव्हरांच्या डोक्यात अजून बसलेली एक गोष्ट काढून टाका : लायसन्स संपल्यावर तीस दिवस चालतं, ही सवलत त्याच दुरुस्तीने गेली. संपलं त्या रात्रीपासून तुम्ही लायसन्सशिवाय आहात. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघते, मग पासिंग, मग परमिट. मी सगळ्या तारखा एका कार्डावर लिहून सनवायझरला अडकवायला लावते. ॲपमध्ये त्या असतात खऱ्या, पण ॲप उघडल्याशिवाय दिसत नाहीत.

प्रश्न : वाटेत गाडी बंद पडली, माल दुसऱ्या गाडीत भरला. ई-वे बिलावर जुन्या गाडीचा नंबर होता. पुढे अडवलं. चूक कुणाची?
— चालक

उत्तर : चूक कुणाचीही असो, अडकता तुम्ही. ई-वे बिल म्हणजे माल नेताना जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद, आणि त्याचा भाग ‘ब’ म्हणजे गाडीचा नंबर. गाडी बदलली की माल हलवण्याआधी तो नवा नंबर पोर्टलवर टाकायचा असतो. माल पाठवणारा किंवा ट्रान्सपोर्टर ते करतो. दुसऱ्या गाडीचा फाळका लावण्याआधी ऑफिसला फोन करून ‘भाग ब बदलला का’ एवढं विचारा आणि बदललेल्या बिलाची प्रत मागवा. बिलाबरोबर इन्व्हॉइस किंवा डिलिव्हरी चलन हवंच, नुसता ई-वे बिलाचा नंबर पुरत नाही.

मुदत २०० किलोमीटरमागे एक दिवस, ही १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधी १०० किलोमीटरला एक दिवस होता. पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. १४ तारखेला सकाळी काढलेल्या बिलाचा पहिला दिवस १५ ची रात्र बारा वाजता संपेल. म्हणून १४ ला रात्री अकराला काढा की पहाटे, पहिला दिवस संपायची वेळ तीच. बिघाडाने उशीर होतोय असं दिसलं तर मुदत वाढवून घेता येते, पण संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच. ती खिडकी बंद झाली की त्या बिलाची मुदत वाढत नाही. म्हणजे गाडी बंद पडली की मेकॅनिकच्या आधी किंवा निदान त्याच्या पाठोपाठ दुसरा फोन ऑफिसला.

प्रश्न : भरणाऱ्या ठिकाणी म्हणतात, दोन टनाने काय होतं. मालकही गप्प. दंड कुणावर?
— दहाचाकी चालक

उत्तर : २०१८ मध्ये एक्सलचा भार वाढवून दिला, दोन एक्सलच्या गाडीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन आणि तीन एक्सलच्या गाडीचं २५ वरून २८.५ टन झालं. पण तुमच्या गाडीला लागू आकडा आरसीवरचा. जुनी गाडी असेल तर तिथे जुनाच असू शकतो, तो बघून ठेवा. त्यावर गेलं की १९४ वं कलम : २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. म्हणजे दोन टनांना २४ हजार, शिवाय उतरवण्याचा खर्च आणि रस्त्यावर पडलेला माल. वजन करायला नकार देऊन निघून गेलात तर ४० हजार. हेही कलम चालवणाऱ्याला आणि चालवायला लावणाऱ्याला, दोघांना धरतं. भरल्याबरोबर वजनकाट्यावर जा आणि पावतीचा फोटो मालकाला पाठवा. गप्प बसलेल्या मालकाला बोलतं करायला याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही. वाढलेल्या वजनाचं ब्रेकला काय होतं, ते घाट उतरताना कळतं.

प्रश्न : रसायनाचा टँकर रिकामा करून परत येतोय. मागचे-बाजूचे फलक झाकले तर चालतील का?
— टँकर चालक

उत्तर : टाकी धुऊन, वाफ काढून स्वच्छ केल्याचा कागद असेल तर झाका. नसेल तर नाही. रिकाम्या टाकीत राहते ती वाफ, आणि ज्वालाग्राही मालाच्या बाबतीत भरलेल्या टाकीपेक्षा ती जास्त दगा देते. फलकावरचा यूएन क्रमांक (कुठलं रसायन ते सांगणारा आंतरराष्ट्रीय आकडा) अग्निशामक दलासाठी असतो, पाणी मारायचं की फेस हे ते त्यावरून ठरवतात. ट्रेम कार्डही (माल सांडला किंवा पेटला तर काय करायचं ते सांगणारं कार्ड) केबिनमध्येच ठेवा, मालकाच्या ऑफिसात नव्हे, आणि त्यात काय लिहिलंय ते माल भरण्याआधी भरून देणाऱ्याकडून समजून घ्या. तुमच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद वेगळी असते, तिची मुदत पाच नव्हे, तीन वर्षं.

प्रश्न : हातोडी मारून टायरची हवा कळते की नाही? आमचे उस्ताद तसंच बघायचे.
— क्लीनर, लवकरच चालक

उत्तर : पूर्ण बसलेला टायर कळतो. थोडी हवा कमी असलेला आणि बरोबर भरलेला, यांचा आवाज जवळपास सारखाच येतो. उस्तादांचा कान तयार असेल, तुमचा अजून व्हायचाय. गेज घ्या, टायर थंड असताना लावा, आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घ्या म्हणजे हात पोचेल. व्हॉल्व्हची टोपी परत लावा. आणि स्टेपनीची हवासुद्धा बघा, तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही.